सात हातांच्या आतला पाव

बोरवंडात शेगडीवर लावलेला पाव, घरातलं कुणीतरी फुगून बसल्याशिवाय फुगत नाही. पीठ कितीही मळा, खमीर कितीही ताजं घाला, निखारे कितीही निगुतीनं लावा. घरात सगळे हसून-खेळून असले की साच्यातून चपटी, टणक वडी निघते. ती कुत्रं हुंगतं आणि पुढं जातं.

याचं बोरवंडकरांना कधी नवल वाटलं नाही. जिथल्या तिथं काही ना काही लागतंच. कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठल्या मातीत वांगं धरत नाही. इथं पावाला रुसवा लागतो. गॅसवर आणि विजेच्या भट्टीत पाव बिनरुसव्याचा फुगतो म्हणतात. असला पाव तालुक्याहून आला तर बोरवंडात तो आजाऱ्याला दुधात कुस्करून देतात, धडधाकट माणूस त्याला हात लावत नाही.

बरं, सगळ्याच पदार्थांना सारखा रुसवा लागतो असंही नाही. फुलक्याला कुणी नुसतं नाक मुरडलं तरी पुरतं, आणि तेवढं प्रत्येक घरी रोजचं असतंच. नानखटाईला किंचित नाराजी लागते. केकला लटका रुसवा चालतो, म्हणून नव्या नवरीच्या घरी केक फार छान होतात. टोस्ट दोनदा भाजायचे असल्यामुळं त्यांना एकदाचा रुसवा पुरत नाही, एक भांडण मिटल्यावर जुनी गोष्ट पुन्हा उकरून काढावी लागते. पावाला मात्र अस्सल माल लागतो. तोंड फिरवलेला, अबोला धरलेला आणि मनधरणीला न बधणारा माणूस हवा. शिवाय तो शेगडीपासून सात हातांच्या आत असला पाहिजे. आठव्या हाताला पाव बसलाच म्हणून समजा.

बोरवंडातला सगळ्यात उंच पाव कुमुदबाई साबळे यांच्या शेगडीवर होत असे. शेगडी लोखंडाची, तीन पायांची, वर अर्धगोल कडी असलेली. एका हातात सहज धरून नेता येईल एवढीच. तिच्यावर जाड बुडाचं पातेलं, पातेल्यात दोन बोटं वाळू, वाळूवर पत्र्याचा साचा, वर पितळी परात झाकण म्हणून, आणि परातीवर पुन्हा निखारे. खाली विस्तव, वर विस्तव, मध्ये पाव. आणि सात हातांच्या आत विश्वनाथराव.

विश्वनाथराव म्हणजे कुमुदबाईंचे यजमान. तीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झालेले. समोरच्या माणसानं तीनदा विचारावं आणि आपण खिडकीबाहेर कुठंतरी बघत राहावं, याचा त्यांना सराव होता. लोक म्हणायचे, गडी फुगायला घरी बसला खरा, पण शिकला सरकारी पैशानं.

ते फुगले त्याला अकरा वर्षं झाली होती. लेकीच्या, उज्ज्वलाच्या लग्नात व्याह्यांची चप्पल हरवली. करवल्यांनी लपवली की खरंच कुणी नेली ते कळेना, म्हणून वधूपिता स्वतः मांडवाच्या मागं शोधायला गेले. दोन्ही चपला हातात घेऊन परत येतात तो घरच्या मंडळींचा फोटो काढून झालेला. 'आमचा फोटो ऱ्हायला की,' ते म्हणाले. वाजंत्री चालू होती. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी चपला खाली ठेवल्या, ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड केलं आणि बसले. दुसऱ्या दिवशी मागं राहिलेल्या पाहुण्यांच्या चहासाठी कुमुदबाईंनी ओसरीवरच शेगडी मांडून पाव लावला. तो साडेचार बोटं फुगला. पाहुणे उठून उभे राहिले.

दोन दिवसांत येतील ताळ्यावर, असं कुमुदबाईंना वाटलं होतं. पण तोवर पावाचं नाव झालं. पहिल्या वर्षी त्यांना फार वाईट वाटलं. एवढं घर, आणि बोलायला भिंती. दुसऱ्या वर्षी वाईट वाटायला वेळ मिळाला नाही, कारण पहाटे पीठ मळायचं, कोळसे फोडायचे, आणि विश्वनाथराव जातील तिथं शेगडी घेऊन जायची. सात हातांचा नियम. ते कधी मारुतीच्या पारावर फुगून बसत, कधी न्हाव्याच्या दुकानात. रविवारी बंधाऱ्यावर जात. मग कुमुदबाई डोक्यावर पिठाची पाटी, एका हातात शेगडी, काखेत परात अशा त्यांच्या मागून निघत, आणि गिऱ्हाइकं त्यांच्या मागून.

कुमुदबाईंना समुद्र बघायचा होता. स्वतःचं लग्न ठरताना एकदा त्यांनी हे बोलूनही दाखवलं होतं. पण विश्वनाथरावांना फुगून बसायला समुद्र लागत नसे, बंधारा पुरत असे. त्यामुळं तो विषय तिथंच राहिला.

आता, धंद्याचा रुसवा म्हटला की त्याला परवाना आला. नगरपंचायतीत त्यासाठी वेगळा फुगवटा विभाग आहे. त्याचे नियम साधे आहेत. फुगलेल्या माणसानं बोलायचं नाही. खूण केलेली चालते, कारण खूण करणं म्हणजे बोलणं नव्हे. विश्वनाथराव चहासाठी अंगठा ओठाला लावत, मीठ कमी असलं की ताटाकडं बोट दाखवत, आणि एवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं. दुसरा नियम असा की घरच्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला फुगलेल्या माणसाची समजूत काढायचा प्रयत्न केला पाहिजे. नाहीतर तो रुसवा नव्हे, नुसतंच दुर्लक्ष ठरतं. आणि समजूत निघालीच, तर परवाना रद्द.

कुमुदबाई दर एक तारखेला विश्वनाथरावांसमोर उभ्या राहत. 'आवं, चला की आता जेवायला. झालं-गेलं गंगंला मिळालं.' एवढं म्हणून पटकन आत जात. जास्त गोड बोलायचं नाही, जास्त थांबायचं नाही. सुरुवातीला त्यांना याची भीती वाटे, की चुकून एखादा शब्द मनापासून निघून जाईल. पुढं ती भीती राहिली नाही. मनापासून कसं बोलतात तेच त्या विसरून गेल्या होत्या.

बारा वर्षं भरायला तीन महिने उरले तेव्हा फेरतपासणीची नोटीस आली. बारा वर्षं पूर्ण झाली की रुसवा हा रुसवा राहत नाही, स्वभाव होतो. आणि स्वभावावर पाव फुगत नाही. म्हणून त्याआधी कारण अजून जिवंत आहे का, ते बघून घेतात.

सोमवारी सकाळी नऊ वाजता फुगवटा निरीक्षक श्रीमती पिंपळखरे आल्या. चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत भिंग, टेप आणि लाखेची कांडी. शेगडी ओसरीवर मांडलेली होती, वरचे निखारे नुकतेच फुलले होते, आणि विश्वनाथराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. बाईंनी टेप काढून अंतर मोजलं.

'साडेपाच हात,' त्या म्हणाल्या. 'ठीक. फुगणाऱ्याचं नाव?'

'त्यांचं नाव म्या कशी घेऊ?' कुमुदबाई म्हणाल्या.

'उखाण्यात घेतलंत तरी चालेल. नमुन्यात तशी सोय आहे.'

कुमुदबाईंनी पदर सावरला. 'खाली इंगळ, वर इंगळ, मधी फुगतोय पाव. अकरा वर्सं फुगल्यात, विश्वनाथराव त्यांचं नाव.'

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. 'समजूत काढण्याचे प्रयत्न?'

'दर एक तारखंला.'

'अपयशी?'

'समदे.'

'छान. कारण?'

'लेकीच्या लग्नात फोटूत घेतलं न्हाई.'

'फोटो दाखवा.'

अकरा वर्षांत हा फोटो कुणी मागितला नव्हता. तो भिंतीवर होता, पण विश्वनाथरावांच्या पाठीमागच्या भिंतीवर. समोरच्या भिंतीकडं बघत फुगलेल्या माणसाला तो कधी दिसलाच नव्हता. आणि कुमुदबाईंनी तो दर दिवाळीला पुसला होता, बघितला नव्हता. त्यांनी तो काढून दिला. पिंपळखरेबाईंनी मांडीवर घेतला आणि डावीकडून उजवीकडं भिंग फिरवायला सुरुवात केली. नवरा, नवरी, व्याही, विहीण, मामा, मामी. कोपऱ्यापर्यंत पोचल्या आणि थांबल्या.

'या निळ्या पातळातल्या बाई कोण?'

'माजी नणंद.'

'त्यांच्या अंबाड्याच्या मागं हा कान कुणाचा?'

कुमुदबाईंनी भिंगातून बघितलं. डावा कान होता, आणि त्याच्या वरच्या कडेला एक खाच होती. लहानपणी विश्वनाथरावांचा कान शेळीनं चावला होता. तालुक्यात असा दुसरा कान नाही. फोटोवाल्यानं बटण दाबलं तेव्हा विश्वनाथराव चपला घेऊन मागून येत होते, आणि त्यांचा बाकीचा देह वन्संच्या मागं गेला असला तरी कान वेळेवर पोचला होता.

कुमुदबाईंनी पदरानं काच पुसली, कान तिथंच होता. नाही म्हणावं, वाजंत्रीवाल्याचा आहे म्हणावं, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. पण तेवढ्यात पिंपळखरेबाई उठल्या, ओसरीच्या त्या टोकाला गेल्या आणि फोटो व भिंग दोन्ही विश्वनाथरावांच्या नाकासमोर धरलं.

'ओळखा,' त्या म्हणाल्या.

विश्वनाथरावांनी बघितलं. मग हात वर नेऊन स्वतःचा कान चाचपला. पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा आधी सैल पडला, मग उजळला, आणि अकरा वर्षांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

'माजाच हाय की!'

शेगडीवरच्या परातीखाली फुस्स असा आवाज झाला. कुमुदबाईंनी चिमट्यानं परात उचलली. तीन बोटांवर आलेला पाव खाली बसत होता, आणि बसून झाल्यावर मध्ये खळगाही पडला.

'कारण मुळातच अस्तित्वात नव्हतं,' पिंपळखरेबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. 'अकरा वर्षं बिनबुडाचा रुसवा. मागचं मी उकरत नाही, पाव चांगले होते, मीही खाल्लेत. पण परवाना पुढं चालवायचा तर नवा रुसवा दाखवावा लागेल. चाचणीचा पाव, किमान चार बोटं, दुपारी बाराच्या आत. नाहीतर शेगडी सील करून कचेरीच्या कोठीत.'

'कोठीत?' कुमुदबाई म्हणाल्या.

'एकोणीस शेगड्या आहेत तिथं. सगळी सुखी कुटुंबं.'

कुमुदबाईंनी शेगडीकडं बघितलं. घरात त्यांची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. घर सासऱ्यांचं, परात सासूबाईंची, पातेलं व्याह्यांकडून आलेलं. शेगडी त्यांनी स्वतः बाजारातून निवडून, वाजवून, हातात तोलून आणली होती. तिच्यापायी लोक त्यांना नावानं ओळखत. नाहीतर बोरवंडात चौकशीवाल्याची बायको याहून वेगळी त्यांची ओळख नव्हती. शेगडी कोठीत गेली तर आपण कोण, हे त्यांना ऐन सकाळी सव्वानऊला कळेना.

त्यांनी पिठाचा दुसरा गोळा साच्यात घातला, नवे निखारे लावले आणि नवऱ्यासमोर हात जोडले. 'आवं, पुन्यांदा फुगा की. तुमास्नी काय अवघड हाय त्यात?'

विश्वनाथरावांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. भिंतीकडं तोंड केलं, गाल फुगवले. पण दोन मिनिटांत त्यांचा हात आपसूक कानाकडं गेला आणि ते हसायला लागले. 'कान बघ की कसला टवटवीत आलाय,' ते म्हणाले. मग जे बोलायला लागले ते थांबेनात. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. न्हाव्यानं दुकानाला लावलेला रंग, पुढाऱ्याचं बदललेलं पोट, बंधाऱ्यावरचा खंड्या, साडेदहाच्या गाडीचं बदललेलं वेळापत्रक. कुमुदबाईंनी त्यांना आठवण करून दिली की त्यांच्या धाकट्या भावानं बांध कोरला होता. 'असू दे गं, त्यो तरी कुठं घिऊन जानार हाय,' ते म्हणाले. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात हार कमी पडला होता, तेही काढून बघितलं. 'व्हय व्हय,' म्हणाले, 'माज्या वाटंचा हार सायबाच्या गळ्यात!' आणि मांडीवर थाप मारून हसले. साच्यातला गोळा होता तसाच राहिला.

बोलणं ऐकून शेजारच्या हौसाबाई कुंपणावरून डोकावल्या. 'मी फुगू का? माज्याकडं कारनांचा काय दुस्काळ न्हाई.'

'शिधापत्रिकेवर नाव असलेल्या व्यक्तीचाच रुसवा धरला जातो,' पिंपळखरेबाई वर न बघता म्हणाल्या.

'मंग जावयाला बोलवा. जावयासारखं कोन फुगनार?'

'जावयाचा रुसवा फक्त अधिक महिन्यात ग्राह्य आहे. यंदा अधिक नाही.'

हौसाबाई चुकचुकल्या. 'कार्डावर मंग कोन उरलं?'

'विश्वनाथ साबळे आणि कुमुद साबळे,' पिंपळखरेबाईंनी वाचून दाखवलं.

हौसाबाईंनी विश्वनाथरावांकडं बघून मान हलवली. कुमुदबाई फुगतील असं कुणाच्या मनातही आलं नाही, खुद्द कुमुदबाईंच्याही. फुगायला आधी बसावं लागतं, आणि त्या बसलेल्या कुणी बघितलेल्या नव्हत्या.

साडेअकरा वाजले. निखाऱ्यांवर राख चढली. कुमुदबाई वाकून फुंकणीनं फुंकत होत्या, धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पिंपळखरेबाईंनी लाखेची कांडी काढून तयार ठेवली. विश्वनाथरावांनी बायकोकडं बघितलं आणि त्यांना तिची दया आली. माणूस आनंदात असला की त्याला दया लवकर येते. ते उठून तिच्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले,

'जाऊ दे गं. जीवाला लावून घिऊ नगंस. आता मीच फुगायचा थांबलो म्हनल्यावर पाव तरी कसा फुगंल? अकरा वर्सं ह्यो समदा डोलारा म्याच वडला. तुला काय, नुसती शेगडी धरून माज्या मागं हिंडायचं व्हतं.'

कुमुदबाईंनी फुंकणी खाली ठेवली.

मग चिमटा ठेवला, तोही शेगडीवर नाही, लांब, पायरीवर. हात पदराला पुसले. ओसरी ओलांडून त्या भिंतीपाशी गेल्या. विश्वनाथरावांच्या बसण्यानं तिथली जमीन गुळगुळीत झाली होती. त्यांनी पदरानं ती झटकली, आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

'काय झालं?' विश्वनाथराव म्हणाले.

उत्तर आलं नाही.

'अगं, काय झालं? म्या काय वाईट बोललो का?'

पिंपळखरेबाईंनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केलं आणि कान शेगडीकडं केला. परात हलली होती. आधी एका बाजूनं किंचित, मग दुसऱ्या. परातीवरचा एक निखारा घरंगळला, मग दुसरा. परात एक बोट वर आली, दोन बोटं वर आली, आणि तिच्याखालून तांबूस, गुबगुबीत, तजेलदार पाव पातेल्याच्या काठावरून बाहेर डोकावायला लागला. ओसरीवर असा वास सुटला की हौसाबाई कुंपण ओलांडून आत कधी आल्या, त्यांनाही कळलं नाही. पिंपळखरेबाईंनी टेप लावला.

'साडेआठ बोटं,' त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कापला, पण सरकारी कामात तेवढं चालतं. 'नमुन्यात सातच्या वर रकानाच नाही.'

त्यांनी भिंतीपासून शेगडीपर्यंतचं अंतर मोजलं. सहा हात भरलं. मग नवा कागद काढला. 'फुगणाऱ्याचं नाव, कुमुद विश्वनाथ साबळे. कारण?'

कुमुदबाई बोलल्या नाहीत. फुगलेल्या माणसानं बोलायचं नसतं.

'मग तुम्ही सांगा,' बाई विश्वनाथरावांना म्हणाल्या. 'कारण काय?'

विश्वनाथरावांनी बायकोच्या पाठीकडं बघितलं, पावाकडं बघितलं, डोकं खाजवलं. 'काय झालं कुनास ठावं,' ते म्हणाले. 'चांगलं बोलत व्हतो की.'

पिंपळखरेबाई प्रसन्न झाल्या. 'हे कारण नियमात आहे. परिशिष्टात. नवऱ्याच्या तोंडून "काय झालं कुणास ठाऊक" आलं, तर तो रुसवा सर्वांत टिकाऊ धरतात. परवाना बेमुदत.' त्यांनी शिक्का मारला, कांडी झोळीत टाकली आणि पावाचा एक तुकडा तपासणीसाठी म्हणून रुमालात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून पाव विश्वनाथराव लावायला लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन्ही हातांची बोटं भाजून घेतली आणि एकदा मिशी. मीठ विसरले, वाळू विसरले, एकदा तर पीठच विसरले आणि रिकामा साचा तासभर भाजला. पण रुसवा चोख होता, त्यामुळं पाव फुगतच राहिला. कुमुदबाई चहासाठी अंगठा ओठाला लावत. मीठ कमी असलं की ताटाकडं बोट दाखवत. चौथ्या दिवशी त्यांनी जेवण झाल्यावर ताट तिथंच ठेवलं आणि उठल्या, आणि काही झालं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी त्या उठल्या, पिशवीत दोन पातळं आणि एक पंचा भरला आणि चालायला लागल्या. विश्वनाथराव पाव लावत होते. बायको सहा हातांवर गेली, सात हातांवर गेली, आणि परातीखाली फुस्स व्हायला लागलं तसे ते भानावर आले. शेगडीची कडी धरली, पिठाची पाटी डोक्यावर घेतली, परात निखारे झटकून, फडक्यात गुंडाळून काखेत मारली आणि तिच्या मागून धावत सुटले. पार गेला, न्हाव्याचं दुकान गेलं, बंधाऱ्याचा फाटाही गेला. कुमुदबाई स्टँडवर येऊन थांबल्या आणि फलाटावर कोकणची पाटी होती तिच्याकडं त्यांनी बोट दाखवलं.

विश्वनाथराव चौकशीच्या खिडकीपाशी गेले. 'कोकणची गाडी किती वाजता हाय ओ?'

आतला माणूस खिडकीबाहेर कुठंतरी बघत राहिला.

त्यांनी तीनदा विचारलं. मग थोडा वेळ ते त्या खिडकीसमोर तसेच उभे राहिले. तीस वर्षं त्यांनी ही खिडकी आतून बघितली होती, बाहेरून ती इतकी उंच असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गाडी आली. शेगडी विझवून, राख झाडून त्यांनी चढवली. कंडक्टरनं ती बघितली, पुढच्या बाकावर तोंड फिरवून बसलेल्या बाईंकडं बघितलं, आणि काही न विचारता शेगडीचं अर्धं तिकीट फाडलं. बोरवंडच्या गाडीवर असं सामान त्याला नवं नव्हतं.

समुद्र कुमुदबाईंनी अपेक्षा केली होती त्याहून मोठा निघाला. त्या वाळूत बसल्या, बोरवंडाकडं पाठ आणि पाण्याकडं तोंड. विश्वनाथरावांनी मागं सात हात मोजून शेगडी मांडली. पातेल्यात घालायला वाळू आणावी लागली नाही, ती एक ददात मिटली. शेगडी बोरवंडची असल्यानं नियम इथंही तोच राहिला, आणि पाव नऊ बोटं फुगला. कोळणी आपल्या टोपल्या खाली ठेवून बघायला आल्या. त्यांच्याकडं पाव बिनरुसव्याचा होत असल्यामुळं त्यांना हा वास नवीन होता. दुसऱ्या दिवसापासून तिथंही रांग लागली.

एक तारीख आली. विश्वनाथराव अंघोळ करून, टोपी नीट बसवून बायकोच्या मागं येऊन उभे राहिले. नियमाप्रमाणं एक वाक्य बोलून त्यांना मागं फिरता आलं असतं. ते थांबले.

'कुमुद,' ते म्हणाले. लग्नानंतर त्यांनी तिला नावानं हाक मारल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. 'चुकलं माजं. काय चुकलं ते मला अजून उमगलेलं न्हाई. पन ही शेगडी लई जड हाय गं. तू ती अकरा वर्सं एका हातात कशी धरलीस?'

कुमुदबाईंची मान हलली. मागं परातीखाली पाव जरासा खाली बसला, अर्धं बोट असेल. रांगेतली माणसं श्वास रोखून उभी राहिली. विश्वनाथराव ना पावाकडं बघत होते ना रांगेकडं. बायकोच्या कानामागं उन्हानं काळवंडलेली एक रेघ होती, ती ते बघत होते. ती कधीपासून होती, ते त्यांना माहीत नव्हतं.

कुमुदबाईंनी डोळे पुसले. मग पुन्हा समुद्राकडं बघितलं. लाट आली, गेली, आणि पाव पुन्हा वर आला.

'बरं,' विश्वनाथराव म्हणाले. 'मंग आता फुडं कुठं जायचं?'

कुमुदबाईंनी किनाऱ्यानं लांबवर, जिथं वाळू संपून डोंगर पाण्यात उतरला होता, तिकडं बोट दाखवलं. खूण करणं म्हणजे बोलणं नव्हे. विश्वनाथरावांनी रांगेतल्या शेवटच्या माणसाला पाव दिला, शेगडीची कडी उचलली, सात हात मोजले आणि निघाले.